खारी गुरगुरते तेव्हा

(दहावी १९९७ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दिलेला विषय होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचं जग’. पुण्याहून आयटीतली कुणी येतेय म्हटल्यावर दुसरं काय देणार! दोन रात्री बसून मी स्लाइड्ससुद्धा केल्या. मग फोन करून सांगितलं, की मला माझ्या कुत्रीवर बोलायचंय. पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू येईना. मग आवाज आला, “पंधरा मिनिटंच हं.” त्याबद्दल मनापासून आभार. स्लाइड्स कुणाला हव्या असतील तर पाठवते.

तिचं नाव खारी. आपल्या बसस्टँडसमोरच्या बेकरीत पिवळट-तपकिरी खारी मिळायची ना, अगदी तो रंग. जात गावठीच. ऑगस्ट २०२१ मध्ये ती आमच्याकडे आली. माझ्या ओळखीच्या एक बाई रस्त्यावरच्या कुत्र्यांचं बघतात, त्यांच्याकडून. लॉकडाउनमध्ये बंद पडलेल्या एका वर्कशॉपच्या आवारात ती साखळीला होती. मालक गावी गेलेला. वॉचमन आठवला की पोळ्या टाकायचा आणि ती भुंकली की काठी काढायचा. लहानपणी बांधलेला पट्टा कुणी सैलच केला नव्हता, तो मानेत रुतलेला. डॉक्टरांना तो कापून काढावा लागला. दात बघून ते म्हणाले, दीडेक वर्षाची असेल.

पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झालं की पुढचे नऊ-दहा आठवडे फार महत्त्वाचे असतात. त्या दिवसांत जे जे दिसतं, ते ते जगात असायचंच, असं ते धरून चालतं. माणसं, मुलं, सायकली, झाडू, पाऊस. नंतर दिसणाऱ्या प्रत्येक नव्या गोष्टीची आधी भीती वाटते. खारीने त्या दिवसांत पाहिली होती एक भिंत, एक साखळी आणि एक काठी.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मुलगी सहावीत होती, तिला कुत्रा हवा होता. तिच्या मनात लॅब्रॅडॉर होता, ते सोडा. मी म्हटलं, एवढी वर्षं लोकांचं बिघडलेलं सॉफ्टवेअर दुरुस्त करतेय, एक कुत्री दुरुस्त करायला काय लागतं? तीन महिने. मी खरंच कॅलेंडरवर तीन महिने धरले होते.

पहिले दहा दिवस ती गॅलरीतल्या वॉशिंग मशीनच्या मागे होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात लावू नका, डोळ्यांत बघू नका, तिच्याकडे पाठ करून नुसत्या बसा. म्हणून माझ्या ऑफिसच्या सगळ्या मीटिंगा गॅलरीत जमिनीवर बसून व्हायला लागल्या. बोलता बोलता उकडलेल्या चिकनचा एकेक तुकडा मागे टाकायचा. अकराव्या दिवशी मी आमच्या क्लायंटला एक रिलीज का लांबलं ते समजावत होते, तेव्हा माझ्या कोपराला ओलं नाक लागलं. क्लायंटला काय सांगितलं ते मला आजही आठवत नाही.

इथपर्यंत ठीक चाललं होतं. अडचण दोन गोष्टींची होती. एक तिचं ताट, आणि दुसरे मामा. आपल्याकडच्यांना सांगायला नको, पण इथे जावई-सुना मुंबईकडच्याही आहेत म्हणून सांगते, आम्ही सासऱ्यांना मामा म्हणतो. मामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, गुडघे गेलेले, हातात काठी. ती खाताना कुणी जवळून गेलं तरी ती गुरगुरायची. मामा नुसते सोफ्यावरून उठले तरी गुरगुरायची. लहानपणी आपण कीर्तनात ऐकलं, की कुत्रं भाकरी पळवून निघालं आणि नामदेवमहाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. आता ती गोष्ट ऐकली की माझ्या पोटात गोळा येतो. तोंडात भाकरी असलेल्या कुत्र्याच्या मागे धावायचं! ते संत होते म्हणून निभावलं.

मग मी एक चूक केली. तीच सांगायला खरं तर उभी आहे.

कुणीतरी एका ट्रेनरचं नाव सुचवलं. ते गृहस्थ आले, दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “हिला घरात मालक कोण ते कळलेलं नाही.” ती गुरगुरली की पट्ट्याला जोरात हिसका द्यायचा, तरी थांबली नाही तर आडवी करून दाबून धरायचं. मला ते बघवलं नाही, पण मी केलं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे केलं आणि जास्त नेटाने केलं, कारण फरक पडत होता. आठवड्याभरात गुरगुरणं निम्म्यावर आलं. दोन आठवड्यांत बंद. मी नवऱ्याला म्हटलं, “बघ, सुधारली.” मोबाइलमध्ये नोंद ठेवत होते, त्यात मी सलग चार दिवस शून्य लिहिलं. फार समाधान वाटलं होतं ते शून्य लिहिताना.

पाचव्या दिवशी संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली, पाठोपाठ दारावरची बेल वाजली आणि दार उघडायला मामा काठी टेकत उठले. खारी गुरगुरली नाही, भुंकली नाही, दातसुद्धा दाखवले नाहीत. सरळ त्यांच्या हाताला चावली. मनगटाच्या वर, दोन खोल जखमा.

नळाखाली पंधरा मिनिटं साबणाने हात धुतला, आणि तसंच दवाखान्यात. खारीला लस दिलेली होती, तरी डॉक्टरांनी कसलाही धोका पत्करला नाही. जखमेत इम्युनोग्लोब्युलिन आणि दंडात लस. मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा. तुमच्यापैकी कुणाला रस्त्यावरचं काय, घरातलं कुत्रं चावलं तरी हे टाळू नका. हळद-चुना भरून घरी बसू नका. रेबीज एकदा दिसायला लागला की जवळजवळ कुणी वाचत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चावली म्हणून नाही. मी काय केलं होतं ते लक्षात आलं म्हणून. गुरगुरणं हा काही तिचा आजार नव्हता. ‘मला भीती वाटतेय, लांब राहा’ हे सांगायची तिच्याकडे तेवढी एकच भाषा होती, आणि ती बोलली की मार बसतो असं मी तिला शिकवलं होतं. भीती होती तिथेच होती. आमच्या धंद्यात याला फार वाईट समजतात. प्रोग्रॅम चुकतोय म्हणून चुकीचा संदेश दिसणंच बंद करून टाकायचं आणि पडदा स्वच्छ दिसतोय म्हणून खूश व्हायचं. नवीन पोरांनी असं केलं की मी त्यांना फैलावर घेते. घरात मी तेच केलं होतं, आणि किंमत मोजली होती मामांनी.

दुसऱ्या दिवशी घरात बैठक. नवरा म्हणाला, परत दे. त्याचं काही चुकत नव्हतं, चावा त्याच्या वडिलांना बसला होता. मुलगी रडत होती. आमच्या पशुवैद्यांनी स्पष्ट सांगितलं. तीन वाटा आहेत. ठेवायची, पण मग घराची सगळी रीत बदलावी लागेल. दुसरीकडे द्यायची, पण चावल्याचं न लपवता, आणि असं कुत्रं घेणारं घर सहज मिळत नाही. तिसरी वाट त्यांनी न अडखळता सांगितली, तिला झोपवणं. “काही कुत्र्यांसाठी तीच खरी असते. खारीसाठी ती आहे का, हे मला आज सांगता येत नाही.” तसंही चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावीच लागते. म्हणून ठरलं, दहा दिवसांनी ठरवू.

निर्णय शेवटी मामांनी दिला. सहाव्या का सातव्या दिवशी, हाताला बँडेज, चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, “बत्तीस वर्षं गाडीत काढली. अंगावर येणारं पॅसेंजर दहातलं आठ वेळा घाबरलेलं असतंय. तिकीट हरवलेलं असतंय, नाहीतर पैसेच नसतात. ही माझ्यावर नाय आली, काठीवर आली. काठीचं बघा आधी.”

मग काठीचं बघितलं. सगळं सांगत बसले तर संयोजक उठतील, पण थोडं सांगते. मामांसाठी वॉकर आणला आणि काठी हॉलच्या एका टोकाला जमिनीवर नुसती ठेवली. खारी दुसऱ्या टोकाला, मध्ये सुताराकडून करून घेतलेलं कमरेएवढं फळ्यांचं फाटक. तिने काठीकडे बघितलं की चिकन. बस, एवढंच, दिवसातून दोनदा, पाच मिनिटं. पाव्हलॉव्हची घंटा आपल्याला शाळेत शिकवली होती, तेच. काठी दिसली की चांगलं काहीतरी येतं. आठवड्याला काठी वीतभर जवळ यायची. अंग ताठ झालं की आपण घाई केली असं समजायचं आणि मागे जायचं. जमिनीवरची काठी उभी व्हायला सात आठवडे लागले. मामांच्या हातात यायला चार महिने.

नोंदी मी पुन्हा सुरू केल्या, पण आता गुरगुरण्याच्या आधी काय काय झालं ते लिहायला लागले. तेव्हा दिसलं, की एकटी शिट्टी तिला चालते. एकटी बेलही चालते. एकामागून एक तीन गोष्टी झाल्या की तिसऱ्यालाच चावा. बेल काढून टाकली. कुकर लावायच्या वेळी ती आतल्या खोलीत. ताटाजवळून जाताना कुणीही तिच्या ताटात काहीतरी चांगलं टाकूनच जायचं, म्हणजे माणूस आला की ताटातलं कमी होत नाही, वाढतं. फिरायला जाताना तोंडाला जाळी. त्या जाळीत तिला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. आतून दही लावून लावून ती इतकी आवडती केली, की आता जाळी काढली की तीच नाक खुपसते. आणि डॉक्टरांनी फ्लुओक्सेटिन सुरू केलं. “कुत्रीला डिप्रेशनच्या गोळ्या!” हे वाक्य आमच्या नातेवाइकांत अजून फिरतंय. गुण यायला महिना-दीड महिना गेला, पण त्याशिवाय ती शिकण्याइतकी शांतच होत नव्हती.

सगळ्यात अवघड काय गेलं, सांगू? ती पुन्हा गुरगुरायला लागली तेव्हा आनंद मानायचा, हे. नोव्हेंबरमध्ये मामा सोफ्यावरून उठले आणि ती हळू आवाजात गुरगुरली. मामा जागच्या जागी परत बसले आणि म्हणाले, “बरं बाई, तू आधी जा.” ती उठून आत गेली. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले.

आता एक गोष्ट, आणि बसते. आठवीत आणि नववीत मी वर्गाची मॉनिटर होते, आठवतंय ना? फळ्यावर नावं लिहायचे. पहिलं नाव बहुतेक वेळा एकाचंच असायचं, शेवटच्या बाकावरच्या खिडकीजवळच्या मुलाचं. उलट बोलायचा, बाक आपटायचा. नाव लिहिलं की छड्या, मग वर्गाबाहेर. नववीच्या दिवाळीनंतर तो एकदम गप्प झाला. काही म्हणजे काही करेना. मी फळ्यावर त्याचं नाव लिहिणं बंद केलं आणि आपण सगळे म्हणालो, सुधारला. मला त्या वर्षी उत्कृष्ट मॉनिटर म्हणून कंपासपेटी मिळाली. जूनमध्ये दहावीच्या वर्गात तो नव्हता. का नव्हता, हे मी कुणाला विचारलं नाही. चित्रकलेचे सर त्याला आपल्या टेबलाजवळ बसवून घ्यायचे आणि काहीच विचारायचे नाहीत, एवढं मला आठवतं. सर, तुम्ही पहिल्याच रांगेत बसला आहात. मला तेव्हा वाटायचं, तुम्ही त्याचे लाड करता.

आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ९४ नंबर आहेत. त्याचा नाही. मी दोन महिने शोधतेय. कुणाला त्याच्या घरच्यांचा, गल्लीचा, कशाचाही पत्ता असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला भेटा. नाव मी इथे माइकवर घेत नाही. फळ्यावर पुष्कळदा लिहून झालंय.

खारी आता पाच-सहा वर्षांची आहे. बरी झाली का, तर तसं म्हणता येणार नाही. पाहुणे आले की ती आतच असते. दिवाळीत आम्ही फटाक्यांपासून लांब एका शेतावर जातो. अनोळखी माणसाने तिच्या डोक्यावर हात ठेवायचा दिवस यायचा नाही, आणि मी तो कॅलेंडरवर धरलेलाही नाही. मामांना आता ८१वं चालू आहे. दुपारी ते झोपतात तेव्हा काठी पलंगाला टेकलेली असते आणि ही तिच्या शेजारी आडवी. सकाळी त्यांचा फोन आला होता, “ती जेवली. तू भाषण लांबवू नको.”

पुण्याला आलात तर घरी जरूर या. फक्त खालून आधी फोन करा, बेल नाहीच आहे. आत आल्यावर तिच्याकडे बघू नका, सरळ खुर्चीत बसा. चपलांच्या स्टँडवर स्टीलचा डबा असतो, त्यातले दोन तुकडे जमिनीवर टाका. आणि ती गुरगुरली तर घाबरू नका, ती तुमच्याशी बोलतेय. थोडे मागे सरका, तेवढं तिला पुरतं.