न्यायसहायक विज्ञान शिकायला परदेशी जाताना

(विहाराच्या वर्धापनदिनी विद्यार्थी व पालकांसमोर केलेले भाषण)



समितीनं मला परदेशी शिक्षणाचा विषय दिला. तो फार मोठा आहे, म्हणून मी एकच शाखा घेतो. आपल्या वस्तीतली मुलं-मुली हल्ली फॉरेन्सिक सायन्सचं नाव घेतात. सरकारी मराठीत त्याला न्यायसहायक विज्ञान म्हणतात. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, असं त्यात आहे. ते लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे, पण माणसं लागणार हे नक्की. शिवाय अत्याचाराच्या खटल्यात साक्षीदार फुटतो. नमुना नीट घेतला असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल फुटत नाही. हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको.

पण पोरांनो, टीव्हीवरच्या मालिका पाहून विद्यापीठ निवडू नका. आईवडील घर गहाण टाकून कर्ज काढतात. तेव्हा पहिला प्रश्न हा, की शिकून नोकरी कुठं करणार? अमेरिकेच्या एफबीआयमध्ये तिथलं नागरिकत्व असल्याशिवाय नोकरीच नाही. इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी फॉरेन्सिक सायन्स सर्व्हिस होती, ती मार्च २०१२ मध्ये बंद झाली. काम खासगी प्रयोगशाळा आणि पोलीस दलांकडे गेलं. तिथं पोलिसांकडून माणसाची चौकशी होते आणि त्यासाठी बहुधा काही वर्षं त्या देशात राहिलेलं असावं लागतं. वर्षभराची एम.एस्सी. केलेला मुलगा ती वर्षं कुठून आणणार? विद्यापीठाच्या रंगीत पुस्तिकेत हे ठळक छापत नाहीत!

म्हणून असा अभ्यासक्रम घ्या, की पोलिसांचं दार बंद निघालं तरी हात रिकामे राहू नयेत. बी.एस्सी. रसायनशास्त्राची असेल तर विषविज्ञान किंवा अंमली पदार्थांची तपासणी पाहा. मास स्पेक्ट्रोमीटरवर विद्यार्थ्याला स्वतः काम करू देतात, की लांबून दाखवतात, हे पत्र लिहून विचारा. औषध कंपन्यांत आणि अन्न तपासणीतही तेच यंत्र असतं. जीवशास्त्रवाल्यांनी डीएनए पाहावं. क्रिमिनॉलॉजी, फॉरेन्सिक सायकॉलॉजी हे वेगळे विषय आहेत. नाव जवळचं वाटलं म्हणून तिथं जाऊन बसू नका. मान्यता तपासायला अमेरिकेत फेपॅक नावाचा आयोग आहे, ब्रिटनमध्ये चार्टर्ड सोसायटी ऑफ फॉरेन्सिक सायन्सेस. स्वित्झर्लंडच्या लोझान विद्यापीठातली संस्था १९०९ सालची, फार नावाजलेली. पण तिथं बरंचसं शिक्षण फ्रेंच भाषेत चालतं.

आता पैशाचं. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते. विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये लागतं. इथं खरी मेख आहे. ग्लासगोचं स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठ १९६० च्या दशकापासून हा विषय शिकवतं, पण ते अलीकडच्या क्रमवारीत २०० च्या बाहेर आहे. लंडनचं किंग्ज कॉलेज आत बसतं. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत मात्र पहिली ५०० धरतात, म्हणजे तिथं स्ट्रॅथक्लाइडही चालतं. त्यामुळं अर्ज एकाच ठिकाणी करून बसू नका. आधी शिष्यवृत्तीची त्या वर्षीची जाहिरात वाचा, मग विद्यापीठं ठरवा. आपली मुलं नेमकं उलटं करतात.

शिष्यवृत्ती पूर्ण मुदतीची आहे का, हेही पाहा. ब्रिटनची एम.एस्सी. साधारण एक वर्षाची, अमेरिकेची दोन. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून बाबासाहेबांना १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. पुन्हा जायला १९२० साल उजाडलं.

आणि दोन कागद. विद्यापीठाचं प्रवेशपत्र विनाअट लागतं. शेवटच्या वर्षाचा निकाल येईपर्यंत ते बहुधा सशर्तच देतात, म्हणून निकाल लागला की गुणपत्रिका लगेच पाठवा. दुसरा, जातीचा दाखला. केंद्राचा नमुना वेगळा असतो. तहसील कार्यालयात किती खेपा पडतात ते पालकांना ठाऊक आहे, तेव्हा मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असतानाच तो काढून ठेवा.

कुणाला काही विचारायचं असेल तर खीरदानानंतर मी इथंच आहे. जयभीम!