दंड सरकारजमा, तूट गिऱ्हाइकाच्या माथीं

बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांव ही कापसाची जुनी पेठ. १८७० सालीं जलंबहून लोहमार्गाचा फांटा तेथपर्यंत आला आणि पेठेचें नांव दूरवर गेलें. पेठ वाढली कीं वजनाचे तंटेहि वाढतात. वऱ्हाडांत १८८६ सालीं कारंजा येथें नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ सालीं कापूस व धान्य बाजारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. अशा एखाद्या बाजारांत घडूं शकेल असा एक प्रसंग कल्पनेनें पाहावा. शेतकऱ्यानें गाडीभर कापूस आणला. अडत्यानें काटा मारून मणामागें शेरभर कापूस दाबला. लबाडी उघडकीस आली, अडत्याला शंभर रुपये दंड झाला आणि दंड सरकारांत जमा झाला. न्याय झाला, असें म्हणून मंडळी उठली. परंतु शेतकरी जागचा हलेना. त्याचा प्रश्न साधा होता: "माह्या कापसाचं काय?"

हाच प्रश्न मोटारीच्या बाजारांतहि उभा राहिला आहे. मेहकरचा एखादा शिक्षक किंवा मलकापूरचा व्यापारी वर्षानुवर्षांची शिल्लक मोडून, वर बँकेचें कर्ज काढून मोटार घेतो. कापसाच्या वजनाविषयीं संशय आला तर दुसऱ्या काट्यावर गाडी चढवितां येते. पण यंत्राच्या पोटांतून किती विषारी वायु बाहेर पडतो, हें तपासण्याचा काटा कोणत्याहि गिऱ्हाइकाच्या घरीं नसतो. तेथें त्याला कारखानदाराच्या शब्दावरच विसंबावें लागतें. म्हणजे लोखंड, रबर व कांच यांच्याबरोबर तो शब्दहि विकत घेतो. शब्द खोटा निघाला तर विकलेल्या मालाचा एक भाग गिऱ्हाइकाला मिळालाच नाहीं, असें म्हणावें लागतें.

असा खोटा शब्द केवढ्या मोठ्या प्रमाणावर दिला जाऊं शकतो, हें सप्टेंबर २०१५ मध्यें जगाला कळलें. अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावर मोटारींचा धूर मोजला होता. त्यांतून सुरू झालेल्या चौकशीअंतीं जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीची युक्ति उघड झाली. मोटारीची तपासणी चालू आहे, हें तींतील आज्ञावली ओळखी आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करी. रस्त्यावर येतांच नायट्रोजन ऑक्साइडचें प्रमाण कित्येक पटींनीं वाढे. जगभर सुमारें १ कोटी १० लाख मोटारींत ही आज्ञावली असल्याचें कंपनीनेंच मान्य केलें.

पुढें जें घडलें तें देशोदेशीं निराळें होतें. अमेरिकेंत २०१६ सालीं न्यायालयानें मान्य केलेल्या तडजोडीप्रमाणें सुमारें पावणेपांच लाख मोटारींच्या धन्यांना मोटार कंपनीला परत विकण्याचा अथवा दुरुस्त करून घेण्याचा पर्याय मिळाला, आणि त्याखेरीज बहुतेकांना ५,१०० ते १०,००० डॉलर रोख मिळावयाचे होते. जर्मनींत ग्राहकांना अधिक काळ झगडावें लागलें. परंतु २५ मे २०२० रोजीं तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयानें फसलेल्या ग्राहकास मोटार परत करून किंमत मागण्याचा हक्क आहे, असा निर्णय दिला.

भारतांत कंपनीनें डिसेंबर २०१५ मध्यें फोक्सवॅगन, स्कोडा व ऑडी मिळून ३,२३,७०० मोटारी दुरुस्तीसाठीं परत बोलावण्याचें जाहीर केलें. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशननें रस्त्यावर केलेल्या तपासणीनंतर ही घोषणा झाली. भारतीय नियमांचा भंग झालेला नाहीं, ही भूमिका कंपनीनें सोडली नाहीं. मार्च २०१९ मध्यें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें ५०० कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. त्याच वर्षीच्या मे महिन्यांत सक्तीची कारवाई करूं नये असें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें. त्या आदेशाचें पुढें कांहीं होवो, ती रक्कम हवेच्या हानीसाठीं होती. मोटारीच्या धन्याच्या हातीं पडण्यासाठीं नव्हती. खामगांवच्या कल्पित शेतकऱ्याचा प्रश्न येथें जसाच्या तसा शिल्लक राहतो.

कारखानदाराच्या बाजूचें म्हणणेंहि ऐकून घेतलें पाहिजे. मोटार धांवत होती, धन्यानें तिचा पुरेपूर उपयोग घेतला, आज्ञावली विनामूल्य बदलून दिली. मग नुकसान कोठें झालें? या युक्तिवादाला जर्मन न्यायालयाचें उत्तर मार्मिक आहे. खरें कळलें असतें तर जो व्यवहार माणसानें केलाच नसता, तो फसवून करावयास लावणें हेंच मुळीं नुकसान होय. फसवणूक खरेदीच्या दिवशीं पुरी झाली. मागाहून केलेल्या दुरुस्तीनें ती न झाल्यासारखी होत नाहीं. मात्र त्याच न्यायालयानें दुसरी बाजूहि संभाळली. ग्राहकानें जितके मैल मोटार वापरली तितक्या उपयोगाची किंमत परताव्यांतून वजा करावी, असें त्यानें ठरविलें. न्याय्य भरपाई म्हणजे घबाड नव्हे. तूट भरून काढणें एवढाच तिचा अर्थ आहे.

जबाबदारी कोणाची, हेंहि नेमकें पाहावें लागतें. गोव्यांत एका विक्रेत्यानें २००९ सालीं बनलेली मोटार २०११ मध्यें नवी म्हणून विकली. तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, तेव्हां फेब्रुवारी २०२१ मध्यें निर्णय झाला कीं, विक्रेत्याची लबाडी कारखानदारास ठाऊक होती असें सिद्ध झाल्याखेरीज त्याला जबाबदार धरतां येणार नाहीं. हें तत्त्व योग्यच आहे. पण त्याचीच दुसरी बाजू अशी कीं, जेथें लबाडी कारखान्यांतच घडविलेली असते तेथें कारखानदाराला विक्रेत्याआड लपतां येत नाहीं.

पुराव्याचें ओझें हा सामान्य माणसाच्या वाटेंतील मोठा धोंडा. सोयाबीन पेरणाऱ्या बुलढाण्याच्या शेतकऱ्याला तो परिचित आहे. बियाणें उगवलें नाहीं कीं "नमुना तपासून आणा" असें त्याला सांगितलें जातें; पण नमुना तर मातींत गेलेला असतो. जानेवारी २०१२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें बियाणें घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असें ठरविलें आणि त्यानें तपासणीसाठीं बियाणें राखून ठेवावें ही अपेक्षा अमान्य केली. एप्रिल २०२२ मध्यें, अपघातांत हवेच्या पिशव्या न उघडलेल्या एका मोटारीच्या प्रकरणीं, धडकेच्या वेगाचें व जोराचें गणित ग्राहकानें मांडावें ही अपेक्षाहि त्याच न्यायालयानें मान्य केली नाहीं. बीज असो वा यंत्र, जें गिऱ्हाइकाला दिसूं शकत नाहीं त्याचा जाब दाखविणाऱ्यानेंच द्यावा, हा न्याय दोन्हींकडे एकच आहे.

जुलै २०२० मध्यें अंमलांत आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानें हा न्याय बराच जवळ आणला आहे. सदोष मालामुळें झालेल्या हानीची जबाबदारी त्यानें निर्मात्यावर टाकली. कंपनी कोठलीहि असली तरी ग्राहक जेथें राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला तक्रार करतां येते. म्हणजे चिखली वा शेगांवच्या माणसाला बुलढाण्यासच दाद मागतां येते. दिलेली किंमत ५० लाखांच्या आंत असली पाहिजे आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार केली पाहिजे. एकाच फसवणुकीचे बळी झालेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीनें एकत्र येऊं शकतात. आयोग किंमत परत देववूं शकतो, भरपाई ठरवूं शकतो आणि योग्य वाटल्यास दंडात्मक रक्कमहि ग्राहकाच्या पदरीं घालूं शकतो. मोटार कायद्यांतील २०१९ च्या दुरुस्तीनेंहि, पर्यावरणास अपायकारक दोष असलेली मोटार परत बोलावून किंमत अथवा बदली मोटार देण्याची तरतूद केली आहे.

साधन हातीं आलें. तें वापरण्याची संवय मात्र समाजाला लावून घ्यावी लागते. कारखानदाराला मोठा दंड झाला हें वर्तमानपत्रांत वाचून पुष्कळांना समाधान वाटतें. दंड हवाच, त्यानें उद्यांचा तराजू सरळ होतो. पण काल ज्याचें माप मारलें गेलें, त्याचें देणें दंडानें फिटत नाहीं. तें स्वतंत्र ऋण आहे, आणि तें ज्याचें त्याच्या ओट्यांत पडेपर्यंत व्यवहार पुरा झाला असें म्हणतां येत नाहीं.