दूरच्या यंत्राचा कारभार

न्हावा-शेवा बंदराच्या धक्क्यावर रचलेल्या लोखंडी पेट्या पाहिल्या, तर आंत कापूस आहे कीं यंत्रांचे सुटे भाग, हें बाहेरून मुळींच कळत नाहीं. आणि कळण्याची गरजहि नसते. यारीला पेटीचीं मापें ठाऊक असलीं म्हणजे पुरे. १९५६ च्या एप्रिलांत माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदारानें अशा ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला जहाजानें पाठविल्या, आणि पुढें जगाच्या व्यापाराची रीतच पालटली.

संगणकाच्या जगांत याच युक्तीचा प्रसार २०१३ सालीं लोकांपुढें आलेल्या ‘डॉकर’नें केला. डॉकर म्हणजे गोदींतला कामगार, नांवच बंदरावरचें! एखादा प्रोग्रॅम आणि त्याला लागणारी सारी सामग्री एका ‘इमेज’मध्यें बांधतात, त्या इमेजवरून चालूं केलेली पेटी म्हणजे ‘कंटेनर’. कारागिराच्या घरच्या यंत्रावर जें चाललें, तें बहुधा सर्व्हरवरहि तसेंच चालतें. ‘बहुधा’ हा शब्द येथें मुद्दाम घातला आहे. कारण प्रोसेसरची जात निराळी असली, तर इमेजहि निराळी लागते.

सर्व्हर मात्र डोळ्यांसमोर नसतो. तो शेंकडों कोस दूर, कोठल्या तरी थंड खोलींत घुमत असतो. त्याच्याशीं बोलण्याची सुरक्षित वाट म्हणजे ‘एसएसएच’. १९९५ सालीं हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठांतील तातू इलोनेन यांनीं ती रचली. तेथील जाळ्यांतून कोणी परवलीचे शब्द चोरून टिपीत असल्याचें उघडकीस आलें होतें. या वाटेवर किल्ल्यांची जोडी वापरतात. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवावयाची. खाजगी किल्ली घराबाहेर जातां कामा नये.

पूर्वीं कारागीर या वाटेनें सर्व्हरवर शिरे आणि तेथें बसल्याप्रमाणें आज्ञा देई. अजूनहि पुष्कळ जण तसेंच करतात. पण २०१८ पासून डॉकरच्या आज्ञा घरच्याच यंत्रावर लिहून एसएसएचनें परभारें धाडतां येतात. आणि २०१९ पासून ‘कॉन्टेक्स्ट’ या सोयीनें प्रत्येक सर्व्हरला नांव देतां येतें. ‘डॉकर कॉन्टेक्स्ट यूज’ असें लिहून पुढें तें नांव घातलें, कीं नंतरची प्रत्येक आज्ञा त्या सर्व्हरकडे जाते.

सोय मोठी, पण धोका तिच्याच पोटांत आहे. पडदा तोच, अक्षरें तींच, आज्ञाहि तीच. घरच्या प्रयोगाचा पसारा आवरावा म्हणून कारागीर ‘डॉकर कंपोज डाउन’ लिहितो आणि संवयीनें ‘व्ही’चें शेपूट जोडतो. कॉन्टेक्स्ट बदलावयाचा राहून गेलेला असतो. दुकानाचे कंटेनर बंद पडतात, हें एक वेळ चालेल. ते क्षणांत पुन्हां उभे राहतात. परंतु त्या शेपटामुळें ‘व्हॉल्यूम’हि पुसले जातात, आणि ग्राहकांच्या मागण्यांची वही त्यांतच असते. तिची प्रत अन्यत्र नसेल, तर ती गेली. म्हणून शहाणा कारागीर मोडतोडीच्या आज्ञेपूर्वीं ‘डॉकर कॉन्टेक्स्ट एलएस’ लिहितो आणि तारांकित खूण कोणत्या नांवापुढें आहे तें पाहून घेतो.

दुसरी फसगत अधिक सूक्ष्म आहे. घरचें फोल्डर कंटेनरला जोडावें म्हणून त्याचा मार्ग लिहिला, तर डॉकर तो मार्ग सर्व्हरवर शोधतो, घरीं नव्हे. ‘व्ही’ या जुन्या खुणेनें जोडणी केली असल्यास, तेथें नसलेलें फोल्डर तो निमूटपणें रिकामेंच निर्माण करतो. आणि कारागीर आपल्या फायली कोठें गेल्या म्हणून तासभर कपाळ चोळीत बसतो.

कित्येक जण एसएसएचचा खटाटोप नको म्हणून डॉकरचें २३७५ क्रमांकाचें दार जगाला उघडें टाकतात. हा शुद्ध अविचार होय. त्या दाराला कुलूप नसतें. जो शिरेल त्याच्या हातीं सारा सर्व्हर जातो.

इमेजच्या नांवाविषयीं थोडें. ‘लेटेस्ट’ ही केवळ चिठ्ठी आहे. आज ती एका इमेजवर, उद्यां दुसरीवर. प्रत्येक इमेजला स्वतंत्र क्रमांक दिला, तर नवी आवृत्ति बिघडतांच कंपोजच्या फायलींत जुना क्रमांक लिहून ‘डॉकर कंपोज अप’ म्हणतां येतें, आणि बिघाडाचें कारण ‘डॉकर लॉग्स’मध्यें मागाहून निवांतपणें शोधतां येतें, मात्र तो बिघडलेला कंटेनर काढून टाकण्यापूर्वींच त्याचे लॉग उतरवून घ्यावे लागतात.