‘लई दिवस पुरेल असा गेम सांगा, ताई’

(किनवट येथे झालेल्या महिला-मुलींच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर.)



मेळाव्याच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘व्हिडिओ गेम’ असा विषय वाचून तुमच्यातल्या काहीजणी हसल्या, ते मला इथून दिसलं. बरोबरच आहे. सकाळपासून आपण पोटगीबद्दल बोललो, रेशन कार्डाबद्दल बोललो, इस्लापूरकडच्या मैत्रिणींनी पाण्याची तक्रार मांडली. मग मध्येच हे खेळणं कुठून आलं? मलाही पूर्वी असंच वाटायचं. एका पोरीमुळे माझं मत बदललं, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

गोकुंद्याला आमच्या लहानशा वाचनालयात दर रविवारी मुली येतात. पुस्तकं आहेत, दोन जुने कॉम्प्युटर आहेत. मागच्या पावसाळ्यात नववीतली एक मुलगी म्हणाली, “ताई, लई दिवस पुरेल असा एक गेम सांगा. एकच.” एकच का, म्हणून विचारलं. म्हणाली, “फोन दादाचा हाय. त्याच्याच गेमनं आन् व्हिडिओनं भरलाय. एका लहान गेमपुरती जागा देतो म्हणलाय. नेट त्याचं वापरून उरलं तर. आन् रोज काहीतरी नवं निघालं पाहिजे त्याच्यात, नाहीतर चार दिवसांत इटून जाते.”

मी गप्पच झाले. पोरगी गेम मागत होती, पण हिशोब सगळा आपल्या ओळखीचा होता. दुसऱ्याच्या फोनवर उरलेली जागा, उरलेलं नेट, आणि घरातलं आवरून उरलेला वेळ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ५४ टक्के बायांनीच सांगितलं, की आपल्याकडे स्वतः वापरायचा मोबाईल आहे. आणि २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीचा आकडा असा, की घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते, आणि घरकाम करणारा पुरुष ८८. म्हणजे दोनशे मिनिटांचा फरक. पुरुषाला विरंगुळा कुठून मिळतो ते यावरून समजतं.

तर त्या पोरीला उत्तर द्यायला मी बसले, आणि मला माझं लहानपण आठवलं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. दादासाठी नांदेडहून टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. सोबतच्या कॅसेटवर छापलेलं होतं: ९९,९९,९९९ गेम. आम्ही हरखून गेलो. एवढे गेम तर मरेपर्यंत पुरतील! दादाचा नंबर पहिला, मग त्याच्या मित्रांचा, मग माझा, आणि माझा नंबर आला की हमखास लाईट जायची. म्हणून मी दुसरंच काम धरलं. वही घेतली आणि यादीतला एकेक गेम लावून त्याचं वर्णन लिहायला लागले. दीडशेपर्यंत लिहिलं असेल. तेव्हा कळलं, की वेगळे गेम फार तर पंधरा-वीस होते. बाकी सगळी तीच ती सोंगं. नाव बदललेलं, कुठे दुसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारं, कुठे बंदूक आधीच दिलेली. आणि त्या पंधरा-वीसांत कुठे दोन पुरुष गोळ्या झाडत चाललेत, कुठे एक मिशीवाला राजकन्येला सोडवायला निघालाय. राजकन्या काय करते? वाट पाहते.

पुढे लग्न झालं आणि मी खेळणं सोडलं. कोणी मनाई केली नाही हो. मनाई करावी लागतच नाही. बाई खेळतेय हे कोणी पाहिलं तर तिलाच आधी लाज वाटते. २०२० च्या टाळेबंदीत मात्र फोनवर रंगीत ठोकळे जुळवायचा एक गेम सापडला. हजारो पायऱ्या होत्या त्यात. रात्री सगळे झोपले की पांघरुणाखाली आवाज बंद करून खेळायचे. ८४० व्या पायरीपर्यंत गेले. एकदा अडले तेव्हा दुधाच्या पैशातले नव्वद रुपये भरून जास्तीच्या खेळ्या विकत घेतल्या, हे आज पहिल्यांदाच कबूल करते. एका रात्री स्वतःलाच विचारलं, की बाई, या ८४० पायऱ्यांपैकी तुला एक तरी आठवते का? एकही नाही. दादाच्या कॅसेटचीच गत पुन्हा झाली होती.

मग गेममध्ये खरी विविधता येते कुठून? मी वाचलं, विचारलं, वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर करून पाहिलं. मला तीन वाटा दिसल्या.

पहिली वाट म्हणजे माणसांनी बसून सगळं हातानं घडवायचं. २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स या लहानशा कंपनीने ‘राजी’ नावाचा गेम काढला. तिच्या संस्थापकांत श्रुती घोष ही एक स्त्री आहे. यात राजी ही सर्कशीतली मुलगी, आणि ती आपल्या भावाला राक्षसांकडून सोडवायला निघते. इथे वाट पाहणारी नाही, लढणारी मुलगी आहे. महाल, चित्रं, नक्षी, सगळं डोळ्यांचं पारणं फेडणारं. पण काही तासांत संपतो. हा काही दोष नाही. चांगली कादंबरीही संपते. पण रोज काहीतरी नवं मागणाऱ्या पोरीला तो पुरणार नाही.

दुसरी वाट म्हणजे नियम लिहायचे आणि यंत्राला दरवेळी नवं रचायला लावायचं. इंग्लंडमधल्या इयान बेल आणि डेव्हिड ब्रेबन या दोन विद्यार्थ्यांनी १९८४ साली ‘एलिट’ या गेममध्ये आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसवले. आज फोनवरच्या एका फोटोला लागते त्याहून कितीतरी कमी जागेत! त्यांना याहून प्रचंड आकडा करता आला असता, पण प्रकाशकांनी तो कमी ठेवायला लावला, कारण फार झालं की सगळं सारखंच आहे हे उघडं पडतं. २०१६ साली ‘नो मॅन्स स्काय’ नावाचा गेम आला. त्यात अठरावर अठरा शून्यं इतके ग्रह. लोकांनी खेळून पाहिला आणि ओरड केली, की ग्रह पुष्कळ, पण करायचं काय? पुढे वर्षानुवर्षं करणाऱ्यांनी फुकट भर घातली, तेव्हा लोकांचं मत सुधारलं.

तिसरी वाट म्हणजे खेळणाऱ्यानेच विविधता आणायची. ही वाट आपल्याला नवी नाही. सागरगोटे आठवा. पाच बिया. आधी एकेक उचलायची, मग दोन-दोन, मग तीन, मग हाताच्या पाठीवर झेलायच्या. आणि हरायला लागलं की नवा नियम काढायचा! फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा यांत सामान काय लागतं? दोन हात आणि एक मैत्रीण. आपल्या तांड्यांवरच्या मुली तीजेला नऊ दिवस गव्हाच्या टोपल्यांभोवती गातात-नाचतात, आणि जोडीला नवी पोरगी आली की गाण्यात तिची ओळ घुसते. बायांना खेळ कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे मोजावं.

बुद्धिबळ त्याच जातीचं. पहिल्या खेळीला पांढऱ्यापुढे २० पर्याय. काळ्याने उत्तर दिलं की ४०० शक्यता. दोघांच्या दोन-दोन खेळ्या झाल्या की १,९७,२८१. आणि पट तोच, सोंगट्या त्याच. पण हा खेळसुद्धा बाईला सरळ मिळाला नाही. १९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. असं करणारी ती देशातली पहिलीच मुलगी. त्यावर गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव यांना निर्वाळा द्यावा लागला, की बाई आहे म्हणून कोणाला राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून वगळता येणार नाही. जुलै २०२५ मध्ये नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख महिलांचा विश्वचषक जिंकून आली. आज ‘लिचेस’वर कोणतीही मुलगी एक पैसा न देता, जाहिरात न पाहता बुद्धिबळ खेळू शकते.

आता कामाचं सांगते. गेम निवडताना आम्ही मुलींनी मिळून पाच गोष्टी ठरवल्या. लिहून घ्या.

एक. नेट बंद करून लावून पाहा. चालला तर तो तुमचा, नाहीतर ज्याचा रिचार्ज त्याचा.

दोन. संपल्यावर किंवा हरल्यावर पुन्हा सुरुवातीपासून खेळा. काही बदलतं का? तुम्ही वेगळं वागलात तर पुढचं वेगळं होतं का?

तीन. वही ठेवा. दर वेळी काय केलं ते एका ओळीत लिहा. दहावी ओळ पहिलीसारखीच असेल तर तो गेम काढून टाका. माझ्या ८४० पायऱ्यांची एकच ओळ झाली असती.

चार. मध्येच उठून पाहा. कुकरची शिट्टी झाली, बाळ रडलं, सासऱ्यांनी पाणी मागितलं. परत आल्यावर गेम तिथेच थांबलेला असतो का? सलग तीन तास मागणारा गेम कितीही भरलेला असो, आपल्यासाठी तो रिकामाच.

पाच. पैसे कधी आणि कसे मागतो ते पाहा. एकदाच किंमत सांगणारा आणि दर अडचणीला हात पसरणारा, यांत फरक आहे. आणि पैसे लावून खेळायचे जे पत्त्यांचे गेम, त्यांनी किती घरांचे डाग मोडले ते इथे सांगायची गरज नाही. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. तरी घरात लक्ष ठेवा.

या पाच कसोट्या लावून आम्ही रविवारी एकेक गेम पाहतो. ‘लुआंटी’ नावाचा एक फुकट गेम आहे, पूर्वी त्याला मिनटेस्ट म्हणत. त्यात ठोकळ्यांनी जग बांधायचं. मुलींनी त्यात सगळ्यात आधी काय बांधलं असेल? शाळेजवळ मुलींचं संडास. दुसरा ‘स्टारड्यू व्हॅली’. तो एकदाच विकत घ्यावा लागतो. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चार वर्षांहून जास्त खपून २०१६ साली तो काढला. यात शेती करायची, मासे धरायचे, खाणीत उतरायचं, गावाशी ओळख करायची. ऋतू बदलतो तशी पिकं बदलतात. लग्न करा नाहीतर करू नका. मी लावून दाखवला तर एक मुलगी फणकारली, “दिवसभर कापूस वेचून आले, आता कॉम्प्युटरात बी शेतीच का?” सगळ्या हसल्या. पण बसली. तास झाला तरी उठेना. का गं, म्हटलं, तर म्हणाली, “ताई, इथं आजोबानं शेत माझ्या नावावर केलंय.”

गेमची सुरुवातच तशी आहे, आजोबांच्या पत्राने. तुम्ही मुलगी निवडा की मुलगा, शेत तुमचंच. आमच्या रविवारी त्या दिवशी गेम बाजूला राहिला आणि सातबारा निघाला. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच वाटा आहे, हे पंधरा मुलींपैकी दोघींनाच माहीत होतं. मी गेले चार मेळावे हा विषय घेते. पण एवढे प्रश्न मला कधी कोणी विचारले नव्हते.

आणि त्या नववीतल्या मुलीचं काय? तिला मी सायमन टॅथम यांचा कोड्यांचा संग्रह दिला. चाळीसच्या आसपास प्रकारची कोडी, प्रत्येक कोडं दरवेळी नव्याने तयार होणारं, सोपं-अवघड आपण ठरवायचं. फुकट, बिनजाहिरातीचं, नेटशिवाय चालणारं, आणि इतकं लहान, की दादाच्या फोनवर जागा गेल्याचं कळतही नाही. त्यातलं एक कोडं गुंत्याचं आहे. ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांचं जाळं असतं. ठिपके असे सरकवायचे की एकही रेघ दुसरीवर पडू नये. अक्षर वाचावं लागत नाही.

परवा मुलगी सांगत होती, की आई आधी रागावली, मग मागून पाहत राहिली, मग म्हणाली, आण इकडं. आता रात्री भाकरी झाल्या की आईच विचारते, “त्यो गुंत्याचा लाव बरं.” दादा फोन मागायला येतो. आई सांगते, “थांब जरा. माझं व्हायलंय.”

माझंही झालं. थांबते.