भिवंडीची शांतता कशी घडली?



६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडण्यात आली आणि पुढच्या दोन महिन्यांत मुंबई दोनदा पेटली. श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा ९०० असा नोंदविला. मुंबईपासून काही कोसांवर असलेल्या भिवंडीत मात्र त्या दिवसांत दंगल झाली नाही. तोवर भिवंडी हे दंगलीचेच दुसरे नाव होऊन बसले होते. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीतून तेथे भडका उडाला, त्याची धग जळगावला लागली. मे १९८४ मध्ये तीच आग ठाणे-मुंबईपर्यंत पसरली. चौदा वर्षांत दोनदा जळालेले गाव, आजूबाजूचा सारा मुलूख धगधगत असताना, शांत कसे राहिले?

या प्रश्नाचे एक उत्तर समाजवादी कार्यकर्त्यांना फार जवळचे वाटते. पोटाचा संबंध माणसांना जोडतो, असे ते उत्तर. भिवंडीचा यंत्रमागाचा धंदा पाहिला की ते पटतेही. सूत देणारा व्यापारी बहुधा गुजराती किंवा मारवाडी. मागाचा मालक पुष्कळदा मोमिन मुसलमान. यांतील अनेकांचे पूर्वज १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थान सोडून दक्षिणेकडे आलेले. मागावर उभा राहणारा कामगार उत्तर प्रदेश, बिहारचा, नाही तर तेलंगणातला पद्मशाली. विणलेले कोरे कापड उचलणारा पुन्हा व्यापारी. कापडाचे एक थान तयार होईपर्यंत ते किती धर्मांच्या आणि जातींच्या हातांतून जाते, याची मोजदाद कोणी करीत नाही, इतके ते नित्याचे आहे.

परंतु हा सगळा गोफ १९७० मध्येही विणलेला होता आणि १९८४ मध्येही. तो असतानाच दंगली झाल्या. तेव्हा हे उत्तर अपुरे आहे, हे कितीही अप्रिय वाटले तरी मान्य केले पाहिजे. उधारीवर सूत देणारा व्यापारी समोरच्याच्या पतीवर विश्वास ठेवतो. माणसावर ठेवतोच असे नाही. सौदा संपला की दोघे आपापल्या मोहल्ल्यात परततात. रात्री अफवा येते ती मोहल्ल्यात, आणि त्या वेळी हिशेबाची वही उपयोगी पडत नाही.

दुसरे उत्तर शांतता समितीचे. सरकार दर सणासुदीला तेच देत आले आहे. १९७० मध्येही भिवंडीत बैठका झाल्या नव्हत्या असे नाही. मिरवणुकीचा मार्ग, मशिदीपुढील घोषणा, गुलाल यांवर भरपूर घासाघीस झाली होती. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाचा अहवाल वाचताना जाणवते की, त्या वाटाघाटींतले लोक शेजारी म्हणून बोलत नव्हते, पक्षकार म्हणून बोलत होते. अशा समितीवर बहुधा पुढारी असतात. प्रत्येक जण आपल्या जमातीचा वकील म्हणून येतो आणि काही मिळवून परतला नाही तर त्याचे वजन कमी होते. ज्याचे मोठेपण तंट्यावर पोसले गेले, त्यालाच तंटा मिटविण्यासाठी मानाने खुर्ची द्यावयाची, असा हा विलक्षण प्रकार आहे.

१९८८ पासून भिवंडीत निराळा प्रयत्न सुरू झाला. तो एका पोलीस अधिकाऱ्याने केला, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी थोडे ओशाळून ऐकावी अशीच आहे. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी गावाचे लहान विभाग पाडून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांची संख्या ७० च्या आसपास गेली. समितीत हिंदू आणि मुसलमान बरोबरीने घ्यावयाचे, पक्षांचे पुढारी आणि गुंड दूर ठेवावयाचे. रिक्षावाला, शिक्षक, दुकानदार, मागावरचा कामगार अशी माणसे त्यात आली. विभागाचा पोलीस शिपाई त्यांच्याबरोबर बसे. बैठका ठराविक दिवशी भरत, सण असो वा नसो.

आणि तेथे राष्ट्रीय एकात्मतेवर भाषणे होत नसत. विषय असत नळाचे, तुंबलेल्या गटाराचे, पोरांच्या मारामारीचे, घरगुती भांडणांचे. अशा किरकोळ कामांत माणसाला माणूस कळतो: कोण शब्दाला जागतो, कोण नुसताच बोलतो, कोणाकडे अपरात्री गेले तरी तो दार उघडील. पुढे अफवा येते तेव्हा तिची शहानिशा करण्यासाठी ओळखीचे दार असते. शिपायाच्या बाबतीतही हेच खरे. मादन आयोगाने १९७० च्या दंगलीतील पोलिसांच्या पक्षपातावर कठोर ताशेरे ओढले होते. ज्या वस्तीतील लोकांबरोबर महिनोन् महिने बसून चहा घेतला, त्या वस्तीकडे ‘शत्रूची वस्ती’ म्हणून पाहणे शिपायालाही अवघड जाते.

अशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात हेच सूत्र मोठ्या पटावर मांडले. १९५० ते १९९५ या काळात जातीय दंगलींत जे बळी गेले, त्यांत खेड्यांचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी. आठ शहरांचा मात्र जवळजवळ निम्मा. दंगल हा मुख्यतः शहरी रोग आहे आणि तोही सर्व शहरांना होत नाही. कालिकत आणि अलीगढ या दोन्ही शहरांत मुसलमानांची संख्या मोठी; पण कालिकतमध्ये दोन्ही समाजांतील ८३ टक्के लोक समारंभात एकत्र जेवतात, अलीगढमध्ये ५४ टक्के. हा दुसरा आकडा विचारात टाकणारा आहे. निम्म्याहून अधिक लोक एका पंगतीला बसत असूनही अलीगढ दंगलींचे शहर राहिले. खेड्यात ओळख पुरते. शहरात व्यापारी मंडळ, कामगार संघटना, वाचनालय असे काही तरी उभे असावे लागते.

वार्ष्णेय यांच्यावर टीका झाली, तीही दुर्लक्षिण्यासारखी नाही. पॉल ब्रास यांनी दंगली घडविणाऱ्यांची कायमची यंत्रणाच शहरात कशी उभी असते हे दाखविले. स्टीव्हन विल्किन्सन यांनी, दंगल आवरावी की वाढू द्यावी हे राज्य सरकारच्या मतांच्या गणितावर ठरते, असे म्हटले. सरकारनेच हात बांधून बसण्याचे ठरविले, तर मोहल्ला समिती काय करणार?

अहमदाबादचे उदाहरण याहून अधिक बोचरे. तेथे मजूर महाजन १९२० मध्ये स्थापन झाले. गांधीजींचा हात त्यामागे होता. १ जुलै १९४६ रोजी दंगल थांबविण्यासाठी वसंतराव हेगिष्टे आणि रजब अली लाखाणी हे दोघे मित्र बरोबरच जमावासमोर गेले आणि बरोबरच मारले गेले. ज्या शहराजवळ अशी पुंजी होती, तेथे १९६९ मध्ये भीषण दंगल झाली, आणि २००२ मध्येही. ऐंशीच्या दशकात गिरण्या बंद पडत गेल्या, तसतशी दोन्ही समाजांतील कामगारांची रोजची भेट संपली. मात्र गिरण्यांच्या काळाचे गोडवे गातानाही जपून गायले पाहिजेत. संघटनाच खात्यावार होती आणि विणकाम खात्यात दलितांना शिरू दिले जात नव्हते. एका छपराखाली काम करणे आणि एकमेकांबरोबर काम करणे यांतील अंतर आपल्या चळवळीने पुरेसे ओळखले नाही.

भिवंडीची कथाही १९९३ वर थांबत नाही. ५ जुलै २००६ रोजी कबरस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून तेथे जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात दोघे मेले. जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार केले. हा तंटा हिंदू-मुसलमानांचा नव्हता. ज्या पोलिसाने एके काळी मोहल्ल्याला एकत्र बसविले, तोच येथे एक पक्ष झाला होता, आणि दोहोंच्या मध्ये बसवील असे कोणी उरले नव्हते. अधिकाऱ्याच्या उमेदीवर उभी राहिलेली समिती अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर सैल होते. ते काम नागरिकांच्या संस्थांनी, कामगार संघटनांनी आपल्या अंगावर घ्यावयास हवे होते.

आज भिवंडीत अनेक माग बंद आहेत आणि रस्त्याच्या दुतर्फा गोदामे उभी राहिली आहेत. मागावरचा परप्रांतीय कामगार बारा तासांची पाळी करतो, भिस्सी नावाच्या खाणावळीत आपल्याच मुलखातल्या माणसांबरोबर जेवतो आणि सामायिक खोलीत पाळीपाळीने झोपतो. गोदामातला मजूर ठेकेदाराच्या यादीवर असतो. पुढच्या महिन्यात तो तेथेच असेल याचा भरवसा नाही. नळाच्या आणि गटाराच्या बैठकीला त्याला कोणी बोलावीत नाही, कारण तो मोहल्ल्याचा मानला जात नाही. समिती पुन्हा भरवावयाची झाल्यास पहिला प्रश्न तिच्या वेळेचा आहे: दिवसपाळी सुटून रात्रपाळी लागण्यापूर्वीचा तेवढाच अवकाश मिळण्याजोगा आहे, आणि त्या वेळी बसावयाचे तर ती खाणावळीतच बसवावी लागेल.