बादशहाची चिनी थाळी



सुरत म्हटले की मराठी मनापुढे प्रथम १६६४ आणि १६७० ही दोन वर्षे उभी राहतात. शिवछत्रपतींच्या स्वाऱ्यांत या शहरातून काय गेले, याच्या कथा घरोघर सांगितल्या जातात. या शहरात काय काय येत होते, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तापीच्या मुखाजवळ सुवाळीच्या किनाऱ्यावर जहाजे नांगर टाकीत आणि तेथून माल गाड्यांवर लादून शहरात येई. त्या मालात मसाले असत, रुपे असे, मखमल असे. आणि गवतात जपून बांधलेली चिनी मातीची भांडीही असत. मराठीत आजही त्या मातीला ‘चिनी’ म्हणतात. वस्तू कोठून आली, हे भाषा सहजासहजी विसरत नाही.

ही भांडी केवळ जेवणासाठी नव्हती. राजेरजवाड्यांच्या मेजवानीत ती सत्तेची निशाणी होती. हिरवट झाक असलेल्या, ‘घोरी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या थाळीत विषारी अन्न वाढले तर ती तडकते, अशी त्या काळी समजूत होती. ज्याच्या ताटात विष पडण्याची शक्यता, तोच मोठा माणूस! अशा थाळीचा मान वाढला तो तिच्या सौंदर्यामुळे, तसाच या भयामुळेही. शाहजहानने तर आपले नाव चिनी थाळ्यांवर कोरवून घेतले. तशा थाळ्या आज परदेशी संग्रहालयांत पाहावयास मिळतात.

या भांड्यांसाठी माणूस काय मोजतो, याची एक हकीकत विल्यम हॉकिन्स या इंग्रजाने लिहून ठेवली आहे. ‘हेक्टर’ जहाजाचा हा कप्तान १६०८ च्या ऑगस्टमध्ये सुरतेस उतरला. त्याला तुर्की भाषा येत होती. त्या बळावर पुढे आग्र्याला जाऊन तो जहांगीर बादशहाच्या दरबारात वावरू लागला. सुरत-खंबायतेकडे त्या वेळी मुकर्रबखान हा अधिकारी होता. बंदरात येणाऱ्या दुर्मीळ चिजा हेरून त्या बादशहासाठी मिळविणे, हे त्याचे एक कामच होते. ही आवड किती खोल होती, ते हॉकिन्सला आग्र्यात दिसले.

बादशहाची एक लाडकी चिनी थाळी होती. किंमत नव्वद रुपये. स्वारी प्रवासात असताना सामान लादलेला उंट पडला आणि त्या गाठोड्यातील सारी भांडी फुटली. सामानाची जबाबदारी ज्या सरदारावर होती, त्याला बादशहाचे त्या थाळीवरचे प्रेम ठाऊक होते. त्याने गाजावाजा केला नाही. एक विश्वासू नोकर खुष्कीच्या मार्गाने थेट चीनकडे रवाना केला. बादशहाला आठवण होण्यापूर्वी तशीच दुसरी थाळी येईल, ही त्याची आशा.

दोन वर्षे उलटली. नोकर परतला नाही आणि बादशहाला थाळी आठवली. ती फुटल्याचे कळताच सरदाराला समोर आणून दोरखंडाच्या चाबकाचे १२० फटके मारण्यात आले. मग द्वारपालांनी काठ्या मोडेपर्यंत झोडपले. मेला असे समजून त्याला पाय धरून ओढीत नेले. दुसऱ्या दिवशी बादशहाने विचारले, “जिवंत आहे काय?” ‘आहे’ असे उत्तर मिळताच जन्मठेप फर्मावली. शाहजाद्याने रदबदली केली म्हणून तो घरी पोहोचला. दोन महिन्यांनी उभा राहण्याइतपत बरा होऊन दरबारात आला, तेव्हा नवा हुकूम झाला : तशी थाळी मिळविल्याखेरीज तोंड दाखवू नकोस, स्वतः चीनला जा. वाटखर्चासाठी पाच हजार रुपये आणि पूर्वीच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा मिळाला.

नव्वद रुपयांच्या थाळीसाठी पाच हजारांचा वाटखर्च! येथे हिशेब पैशाचा नव्हता, हे उघड आहे. राजाची वस्तू फुटते म्हणजे राजाच्या इच्छेला तडा जातो, आणि तो तडा माणसाच्या पाठीवर सांधला जातो.

सरदार निघाला. चौदा महिने झाले तरी परतला नव्हता. मग बातमी आली की इराणच्या शहाकडे तशीच थाळी होती आणि त्याने दया येऊन ती देऊन टाकली. हॉकिन्स निघाला तेव्हा सरदार परतीच्या वाटेवर होता. हा शहा म्हणजे अब्बास. त्याने १६११ मध्ये अर्दबीलच्या दर्ग्याला हजाराहून अधिक चिनी भांडी अर्पण केली. एक राजा एका थाळीसाठी माणूस मोडतो, दुसरा हजारोंतून एक सहज देतो. दोघांच्याही हाती सत्ताच होती. फरक मनाचा होता.

पुढे सुरतेत वखारी उभ्या राहिल्या. चीनमध्ये १६४४ नंतर मिंग घराण्याची सत्ता कोसळून तिकडचा पुरवठा आटला, तेव्हा डचांनी जपानच्या आरिता येथील भांड्यांकडे मोर्चा वळविला आणि तीही सुरतेपर्यंत आणली. इंग्रजांच्या वखारीतील सार्वजनिक भोजनाचे वर्णन १६८९ मध्ये येथे आलेल्या ओव्हिंग्टन या धर्मोपदेशकाने केले आहे. प्रेसिडेंटासह सारे नोकर ज्येष्ठतेच्या क्रमाने बसत. इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदी असे तीन आचारी असत. हात धुण्यासाठी शिपाई चांदीची झारी व तस्त घेऊन उभा राही. ताटे आणि पेलेही जाड चांदीचे. व्यापाऱ्यांची ही दूरदृष्टीच म्हणावयाची. चांदी मोडली तरी तिचे नाणे होते. चिनी माती फुटली की तिची खापरी होते.

मराठी राज्याचा थाट याहून वेगळा. १६७४ मध्ये राज्याभिषेकासाठी हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला. इंग्रज वकिलातीला रोज मांस लागे. ते पुरविणारा वृद्ध खाटीक, एवढे मांस खाणारी माणसे आहेत तरी कशी, हे पाहण्यासाठी गड चढून आला, अशी नोंद आहे. सोवळ्याओवळ्याच्या पंगतीत चिनी भांड्याला स्थान नव्हते. पितळ, चांदी राखेने घासून शुद्ध होते. मातीचे भांडे एकदा उष्टावले की उष्टेच, अशी धारणा. त्यापेक्षा पत्रावळ बरी. जेवण झाले की टाकून द्यावी.

तथापि पत्रावळ साधी म्हणून पंगत समान होती, असे मानण्याचे कारण नाही. पंक्तिप्रपंच हा शब्द मराठीनेच घडविला आहे. चिनी मातीची कपबशी पुढे घराघरांत आली, तीही भेद घेऊनच. चहाची एक कपबशी बाहेर, वळचणीला, वेगळी ठेवलेली असे. गुजरातच्या खेड्यांत दलितांसाठी वेगळ्या ठेवलेल्या अशा भांड्याला ‘रामपातर’ असे गोड नाव मिळाले. बादशहाची थाळी एकाला सर्वांच्या वर बसवी, वळचणीची कपबशी दुसऱ्याला सर्वांच्या बाहेर. माती एकच.

युरोपात १७०८ च्या सुमारास चिनी मातीचे रहस्य उलगडले आणि माइसेनचे कारखाने निघाले. तेथे १७३७ ते १७४१ या काळात काउंट ब्र्यूलसाठी घडविलेल्या ‘हंस’ संचात दोन हजारांवर नग होते. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत त्यातील पुष्कळ नष्ट झाले. भांडी फुटावयाचीच, त्याबद्दल फार शोक नको.

शोक करावयाचा तो त्या सरदाराचा. हॉकिन्सच्या कथनात थाळीची किंमत आहे, फटक्यांचा आकडा आहे, वाटखर्चाची रक्कम आहे. सरदाराचे नाव मात्र नाही. आणि ज्याला प्रथम चीनकडे धाडले, त्या नोकराचे तर पुढे काय झाले, हेही तेथे नाही. तो कोणत्या वाटेवर, कोणत्या सरायीत थांबला असेल? थाळीची आठवण दोन वर्षांनी बादशहाला झाली. त्या नोकराची आठवण काढणारे कोणी नव्हते. जुने ग्रंथ जपून ठेवणाऱ्या वास्तूत, निदान वाचणाऱ्याने तरी, ती काढावी.