पुस्तकांना हात लावू देणारा दुकानदार

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या हाती पारितोषिक म्हणून पुस्तके ठेवण्याचा समारंभ आताच पार पडला. या प्रसंगी पुस्तके विकण्यातच ज्यांनी आपले आयुष्य वेचले, अशा एका गृहस्थांचे स्मरण करावे असे मला वाटते. ते गृहस्थ म्हणजे मुंबईच्या स्ट्रँड बुक स्टॉलचे संस्थापक कै. टी. एन. शानभाग. २००९ सालच्या फेब्रुवारीत ते निवर्तले. आपल्यापैकी अनेकांनी त्यांच्या दुकानाची पायरी चढलेली असेल. ते कोणत्या ज्ञातीचे, याची चौकशी करून त्या दुकानात कोणी गेले नाही. मीही आज ती येथे करणार नाही.

शानभागांच्या विद्यार्थिदशेतील एक हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. एका दुकानात ते पुस्तके चाळीत उभे असता त्यांना तेथून जावयास सांगण्यात आले. खिशात पैसे नसलेल्या मुलाने पुस्तकाला हात लावू नये, असा त्या काळचा दंडक होता. अशा अपमानाने एखादा मनुष्य पुस्तकांकडे कायमची पाठ फिरविता. शानभागांनी मात्र मनाशी ठरविले की, आपण असे दुकान काढू, जेथे कोणीही यावे, हवे ते पुस्तक उचलावे, चाळावे, आणि न घेता परत गेला तरी त्याच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहू नये.

१९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात, मालक केकी मोदी यांनी दिलेल्या लहानशा जागेत, हा संकल्प सिद्धीस गेला. भांडवल अवघे ४५० रुपये. पुढे हे दुकान फोर्टमध्ये सर फिरोजशहा मेहता मार्गावर गेले. परंतु नाव मात्र चित्रपटगृहाचेच राहिले. पंडित नेहरूंपासून डॉ. अब्दुल कलामांपर्यंत थोर माणसे त्यांची गिऱ्हाइके होती. त्याच फळ्यांपुढे महिन्याच्या पगारातून एखादेच पुस्तक घेऊ शकणारा कारकूनही तितक्याच निर्धास्तपणे उभा राही.

व्यापार म्हणून पाहिले, तर ही रीत आतबट्ट्याची वाटेल. पुस्तक-विक्रेत्याला प्रकाशकाकडून जे कमिशन मिळते, त्यातूनच जागेचे भाडे, नोकरांचे पगार आणि न खपलेल्या मालाचा तोटा भागवावयाचा असतो. त्याच कमिशनातून शानभाग शेकडा २० व प्रसंगी त्याहूनही अधिक सूट गिऱ्हाइकास देत. हा मेळ बसे तो खपावर. एका प्रतीमागे नफा थोडा, परंतु प्रती पुष्कळ. आणि प्रती खपत, कारण कोणत्या वाचकाला काय रुचेल, याची दुकानदाराला नेमकी जाण असे. चर्चगेटजवळच्या सुंदराबाई सभागृहात भरणारे त्यांचे ग्रंथप्रदर्शन म्हणजे मुंबईकर वाचकांची वार्षिक जत्राच होती. २००३ साली सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले. पुस्तके लिहिणाऱ्यांना असे मान मिळतात. विकणाऱ्यास तो मिळावा, ही गोष्ट विरळाच.

बंधुभगिनींनो, हे सारे आज येथे सांगण्याचे कारण आपल्या घरातलेच आहे. आपल्या मंडळाच्या कार्यालयात ग्रंथांची कपाटे आहेत. त्यांना कुलपे आहेत, आणि किल्ली कोणाकडे, हे शोधण्यात अर्धा तास जातो. पुस्तके फाटतील, हरवतील, ही कार्यकारिणीची काळजी मी जाणतो. ज्यांनी पै-पै जमवून तो संग्रह केला, त्यांच्याविषयी मला आदरच आहे. तथापि बंद कपाटातले पुस्तक आणि ‘हात लावू नकोस’ म्हणणारा दुकानदार, यांत मुलाच्या दृष्टीने फारसा भेद नाही.

दुसरी गोष्ट चित्रकथांची. १९६४ साली सुरू झालेली इंद्रजाल कॉमिक्स व १९६७ पासूनची अमर चित्रकथा यांवर आपल्यातील एक पिढीच्या पिढी वाढली. वेताळाच्या गोष्टी भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचणारे आज या सभागृहात आजोबा होऊन बसले आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणाचे वाचन त्यामुळे बिघडल्याचे मला दिसत नाही. चित्रांच्या बोटाला धरूनच मूल अक्षरांपर्यंत जाते. तेव्हा आपल्या संग्रहात चित्रकथांनाही मानाची जागा असावी.

एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. शानभागांच्या पश्चात त्यांच्या कन्येने दुकान निष्ठेने चालविले. परंतु २०१८ च्या फेब्रुवारीत ते बंद झाले. घरबसल्या, त्याहूनही स्वस्त पुस्तके मिळू लागली होती आणि दुकानाकडे येणारी पावले कमी झाली होती. शेवटच्या दिवसांत तेथे गर्दी लोटली, पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. ती हळहळ खरी होती, यात शंका नाही. परंतु दुकान हळहळीवर चालत नाही, विक्रीवर चालते. आपल्या गावात, आपल्या पेठेत आज जे पुस्तकांचे दुकान तग धरून असेल, त्याच्या मालकाचे गुण गाण्यास त्याच्या शोकसभेची वाट पाहू नये. या महिन्यात त्याच्याकडून एक पुस्तक विकत घ्यावे.

म्हणून कार्यकारिणीस माझी नम्र सूचना अशी की, दर रविवारी सकाळी दोन तास ही कपाटे उघडी ठेवावीत, मुलांना स्वतःच्या हाताने पुस्तके काढू द्यावीत, आणि वर्षाकाठी जी पाच-दहा फाटतील, त्यांचा खर्च मंडळाने आनंदाने सोसावा. त्या दोन तासांसाठी बसण्याची जबाबदारी पहिले वर्षभर मी स्वतः पत्करतो. माझ्याबरोबर आणखी कोणी येणार असतील, तर त्यांनी सभा संपल्यावर चिटणिसांकडे नाव नोंदवावे.